घरातील इंटरनेट : तारेने घ्यावे की बिनतारी?



पूर्वी आपल्या वसई परिसरात नवे घर बांधणारा माणूस विहीर कोठे खणावी, छपराला कौले घालावीत की स्लॅब टाकावा, असे प्रश्न घेऊन वडीलधाऱ्यांकडे जात असे. आता त्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडली आहे. 'फादर, नेटची वायर भिंतीतून घ्यावी की नुसते वाय-फाय पुरेल?' असे आम्हाला घरभेटीच्या वेळी अनेकदा विचारले जाते. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु आज मुलांचा अभ्यास, तरुणांच्या नोकरीच्या मुलाखती, घरून करावयाचे काम आणि परदेशी गेलेल्या लेकरांचे दर्शन या साऱ्या गोष्टी त्या एका जोडणीवर अवलंबून असल्याने त्याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो करण्याचा प्रयत्न केला आहे.

एक खजील करणारा अनुभव

या विषयाचे महत्त्व आम्हाला पुस्तकातून कळले नाही. २०२१ सालच्या पावसाळ्यात, महामारीचे निर्बंध असताना, एका वयोवृद्ध मातेचा अंत्यविधी होता. मोजक्याच माणसांना उपस्थित राहण्याची मुभा होती आणि तिचा थोरला मुलगा परदेशी अडकून पडला होता. त्याला निदान विधी पाहता यावा म्हणून आम्ही मोबाईल तिवईवर उभा करून धर्मगुरू-निवासातील वाय-फायवरून प्रक्षेपण सुरू केले. आरंभी सर्व सुरळीत चालले. परंतु शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडण्याच्या वेळी चित्र जे गोठले, ते पुन्हा हलले नाही. त्या मुलाने नंतर तक्रार केली नाही. 'फादर, शेवटी आवाज तरी ऐकू यायला हवा होता,' एवढेच तो फोनवर म्हणाला.

आम्ही सारा दोष इंटरनेट पुरविणाऱ्यांच्या माथी मारला. त्यांचा तंत्रज्ञ आला, त्याने आपला लॅपटॉप एका छोट्या तारेने राउटरला जोडला आणि वेग मोजून दाखविला. वेग ठरल्याप्रमाणे पुरेपूर होता! दोष आमच्याच आवारात होता. राउटर आणि चर्चचा अंतर्भाग यांच्यामध्ये जाड दगडी भिंत होती. लहरी ज्या बाजूच्या दारातून कशाबशा आत येत होत्या, ते लोखंडी दार पावसाची झड येते म्हणून कोणीतरी लोटून घेतले होते. त्यापूर्वी आम्ही दोन 'बूस्टर' विकत घेऊन बसविले होते. त्यांचाही काही उपयोग झाला नाही. या अनुभवातून जे शिकलो, ते आपल्या घरांच्या संदर्भात सांगत आहोत.

दोन्ही पद्धतींचे कूळ एकच

तारेने संगणक जोडण्याच्या सर्वमान्य पद्धतीस 'ईथरनेट' म्हणतात. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती विकसित केली. गंमत अशी की, या तारेच्या पद्धतीची प्रेरणा एका बिनतारी जाळ्यातून आली होती. हवाई बेटांवरील संगणक रेडिओ लहरींनी जोडणारे 'अलोहानेट' १९७१ साली सुरू झाले होते. एकाच माध्यमावर अनेकांनी बोलायचे असेल तर गोंधळ कसा टाळावा, हा त्यातील प्रश्न मेटकाफ यांनी तारेवर अधिक चांगल्या रीतीने सोडविला.

वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याचा वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट होता. भारतात वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहरपट्टी २००५ साली परवानामुक्त झाली आणि त्यानंतर हे तंत्र घरोघरी पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे तार आणि लहर या परस्परांच्या वैरिणी नसून एकाच घरातील दोन बहिणी आहेत. प्रत्येकीचा स्वभाव मात्र निराळा आहे.

लहरींचा स्वभाव

वाय-फायची मोठी देणगी म्हणजे मोकळीक. मोबाईल हातात घेऊन ओसरीवर बसावे, वाडीकडच्या गॅलरीत जावे, कोठेही खिळून राहण्याची गरज नाही. मोबाईलला तार जोडून कोणी फिरत नाही, तेव्हा घरात वाय-फाय असणारच, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

परंतु लहरींना तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा अडथळ्यांची. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीची असते. ती दूर जाते आणि साध्या विटांच्या एक-दोन भिंती बऱ्यापैकी ओलांडते. ५ गिगाहर्ट्झची लहर तिच्या निम्म्याहून लहान असते. ती अधिक वेग देते, पण भिंतीपुढे लवकर थकते. लोखंडी सळ्यांनी भरलेला स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी ही सर्व तिची अडवणूक करतात. तळमजल्यावरच्या राउटरची रेंज वरच्या मजल्यावर मिळत नाही, याचे कारण बहुधा हा स्लॅब असतो.

दुसरी मर्यादा गर्दीची. वाय-फायवर एका वाहिनीवर एका वेळी एकच साधन बोलू शकते आणि बाकीच्यांना थांबावे लागते. एखाद्या सभेत सर्वांना एकच माईक असावा, तसा हा प्रकार आहे. शेजाऱ्यांचा राउटर त्याच वाहिनीवर असेल तर तोही आपल्या सभेत सामील होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्टीत एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच मिळतात : १, ६ आणि ११. त्यामुळे इमारतींच्या दाटीत ही पट्टी लवकर तुंबते. मायक्रोवेव्ह शेगडीही याच पट्टीत काम करते. ती चालू असताना स्वयंपाकघराजवळचा व्हिडिओ कॉल अडखळतो, तो योगायोग नसतो.

तिसरी मर्यादा अनिश्चिततेची. सरासरी वेग चांगला असूनही मध्येच क्षणभर खंड पडतो. चित्रपट पाहताना हा खंड जाणवत नाही, कारण पुढचा थोडा भाग आधीच साठविलेला असतो. परंतु मुलाखत किंवा ऑनलाईन परीक्षा चालू असताना तोच क्षण महागात पडतो. संभाषण साठवून ठेवता येत नाही.

तारेचा स्वभाव

नेटवर्कच्या तारेत तांब्याच्या आठ बारीक तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरून येणारा विद्युत गोंगाट जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनसाठी या युक्तीचे पेटंट घेतले होते.

अशी तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट, वेग सहज वाहून नेते. ती एकाच वेळी बोलते आणि ऐकतेही. शेजाऱ्याच्या राउटरशी किंवा मधल्या भिंतीशी तिला कर्तव्य नसते. मध्ये लागणारा विलंब सहसा एक हजारांश सेकंदाहूनही कमी असतो आणि मुख्य म्हणजे तो बदलत नाही. तिचा दोष एवढाच की, ती जेथे नेली तेथेच पोहोचते. नेण्यासाठी थोडी तोडफोड किंवा भिंतीवरची पट्टी सोसावी लागते.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. तार टाकल्याने आपण विकत घेतलेला वेग वाढत नाही. ४० मेगाबिटची योजना घेतली असेल तर तारेवरही ४०च मिळणार. तार फक्त घरातील गळती थांबविते. शिवाय मेगाबिट म्हणजे मेगाबाईट नव्हे. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाईट माहिती उतरते. हे ठाऊक नसल्याने अनेकांना आपण फसविले गेलो असे वाटते.

आधी निदान, मग औषध

पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील तीन चाचण्या कराव्यात. प्रथम लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. लॅपटॉपला तारेचा पोर्ट नसल्यास त्यासाठी यूएसबीचा छोटा जोडतुकडा मिळतो. नंतर तार काढून राउटरपासून पाच-सात फुटांवर वाय-फायने मोजावा. शेवटी जेथे अडचण येते त्या खोलीत जाऊन मोजावा.

तारेवरच वेग कमी आला तर राउटरच्या पोर्टची क्षमता पाहावी आणि ती पुरेशी असल्यास पुरवठादाराकडे तक्रार करावी. तारेवर वेग ठीक, पण राउटरजवळच वाय-फाय मंद असेल तर राउटर जुना किंवा त्याची वाहिनी तुंबलेली आहे. जवळ ठीक आणि खोलीत मंद असेल तर दोष अंतराचा व भिंतीचा आहे. या तिसऱ्या प्रकारात मोठी योजना घेणे म्हणजे नळ गळत असताना टाकी मोठी करण्यासारखे आहे. आमच्या पाहण्यात बहुतेक कुटुंबांची अडचण याच तिसऱ्या प्रकारातील असते.

येथे एक बिनखर्चाचा उपाय सांगतो. बहुतेक घरांत फायबरची तार पुढच्या दाराशी आत येते आणि राउटर तेथेच, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे, कायमचा बसतो. त्याला घराच्या मध्यभागी, छातीच्या उंचीच्या वर, मोकळ्या जागी आणावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

कोणाला तार, कोणाला लहर?

आमचा सल्ला साधा आहे. जे साधन जागेवरून हलत नाही त्याला तार द्यावी. जे हातात घेऊन फिरतो त्याला वाय-फाय द्यावे. टेबलावरचा संगणक, घरून काम करणाऱ्याचे टेबल, टीव्ही, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि दुसऱ्या मजल्यावरचा वाय-फाय पुरविणारा डबा हे सर्व तारेचे मानकरी आहेत. मोबाईल आणि टॅब यांना लहरी पुरेत. याचा आणखी एक लाभ असा की, जड साधने तारेवर गेल्याने हवेतील गर्दी कमी होते आणि उरलेल्या मोबाईलनाही मोकळा श्वास मिळतो.

एका-दोन खोल्यांच्या सदनिकेत मात्र तारेचा आग्रह धरू नये. राउटर योग्य जागी असेल तर तेथे वाय-फाय पुरते. भाड्याच्या घरातही भिंती फोडणे श्रेयस्कर नाही. ऑनलाईन परीक्षा किंवा मुलाखतीच्या दिवसापुरती दहा मीटरची तयार तार जमिनीवरून नेऊन काम भागते. अशी एक तार प्रत्येक घरात गुंडाळून ठेवलेली असावी, असे आम्ही म्हणू.

जाड भिंतींची जुनी घरे आणि दोन-तीन मजल्यांचे बंगले यांची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक मजल्यावर एक तार नेऊन तिच्या टोकाला वाय-फायचा डबा बसविणे, हाच टिकाऊ मार्ग आहे. येथे तार आणि लहर दोघी मिळून काम करतात.

बूस्टरचे खरे रूप

बाजारात मिळणारा साधा बूस्टर लहरी ऐकतो आणि पुन्हा उच्चारतो. ऐकणे आणि उच्चारणे ही दोन्ही कामे त्याला एकाच वाहिनीवर करावी लागत असतील, तर वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय रेंज जेथे मरगळलेली असते तेथेच लोक तो बसवितात. मग तो मरगळच पुढे पाठवितो. मोबाईलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण गोल चकरी फिरतच राहते. आमचे दोन बूस्टर असेच वाया गेले. 'मेश' नावाची नवी साधने याहून पुष्कळ सरस आहेत, पण त्यांचे डबेही आपसांत तारेने जोडले तरच ती पूर्ण क्षमतेने चालतात.

राउटर घेताना खोक्यावरील आकड्यांना भुलू नये. '१२००' लिहिलेल्या राउटरमध्ये बहुधा एका पट्टीचे ३०० आणि दुसरीचे ८६७ यांची बेरीज केलेली असते. एक मोबाईल एका वेळी सहसा एकाच पट्टीवर असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वस्त राउटरच्या मागील तारेचे पोर्ट पुष्कळदा १०० मेगाबिटचेच असतात. ३०० मेगाबिटची योजना घेऊन असा राउटर लावला तर उरलेले २०० दाराबाहेरच राहतात. 'गिगाबिट पोर्ट' आहेत ना, एवढे विचारूनच खरेदी करावी.

तार टाकताना घ्यावयाची काळजी

नवे घर बांधत असाल किंवा डागडुजी काढली असेल, तर प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक मुख्य खोलीपर्यंत नेटसाठी स्वतंत्र पाईप टाकून घ्यावा आणि त्यात ओढण्यासाठी एक दोरी सोडून ठेवावी. आज तार टाकली नाही तरी चालेल. उद्या भिंत फोडावी लागणार नाही.

तार 'कॅट ६' दर्जाची आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. संशय आल्यास टोकाकडील तार चाकूने खरवडून पाहावी. आत पांढरट धातू दिसला तर परत करावी. नेटची तार विजेच्या तारेच्या पाईपमधून कदापि नेऊ नये. वायरमन सोयीसाठी तसे सुचवितात, पण ते धोक्याचे आहे. दोन्ही पाईप समांतर जात असतील तर शक्यतो फूटभर अंतर राखावे आणि ओलांडायचे असेल तर काटकोनात ओलांडावे. तारेला तीव्र बाक देऊ नये. पिन बसविल्यावर आठही तारा जुळल्याची परीक्षा करून घ्यावी. एखादी जोडी सुटली तर जोडणी बंद पडत नाही, फक्त १००० ऐवजी मुकाट्याने १०० वर उतरते आणि दोष वर्षानुवर्षे कळत नाही. माळ्यावरून तार नेताना उंदरांचा विचार करून ती पाईपमधूनच न्यावी.

पाऊस आणि विजा

आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये विजांचा कडकडाट होतो. एका घरातून दुसऱ्या घरात, किंवा वाडीतील खोलीपर्यंत, उघड्यावरून तांब्याची तार नेल्यास जवळ पडलेल्या विजेचा झटका दोन्ही टोकांची साधने जाळू शकतो. अशा ठिकाणी धातूची आधारतार नसलेली फायबरची तार वापरावी. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. आम्ही धर्मगुरू-निवासापासून चर्चपर्यंत शेवटी अशीच तार टाकली आणि त्यानंतर प्रक्षेपण अडखळलेले नाही. घरातील साधने मात्र विजा चमकू लागताच प्लगमधून काढून ठेवावीत.

वीज गेल्यावर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते इन्व्हर्टरवर घ्यावेत किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवावा. घेताना आपल्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत.

सुरक्षिततेचा विचार

तार घराच्या भिंतींत राहते. लहरी मात्र कुंपण ओलांडून रस्त्यावर जातात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी पाठविलेला ई-मेल नवी मुंबईतील एका परदेशी नागरिकाच्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात आढळले होते. त्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता, परंतु चौकशीचा ससेमिरा त्याच्या दारी आला. ही घटना प्रत्येक घरमालकाने स्मरणात ठेवावी.

यासाठी राउटरची सुरक्षापद्धत 'डब्ल्यूपीए२' किंवा २०१८ साली आलेली 'डब्ल्यूपीए३' ठेवावी. 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ सालीच दुबळी ठरली आहे. संकेतशब्द लांब असावा. मोबाईल क्रमांक किंवा घराचे नाव ठेवू नये. राउटरच्या आतील मांडणीचा, कंपनीने दिलेला मूळ संकेतशब्दही बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' जाळे उघडावे. पाहुणचारही होतो आणि घराच्या किल्ल्याही आपल्याजवळच राहतात.

लहरींचा आरोग्याला अपाय होतो का, असेही वडीलधारी मंडळी विचारतात. या लहरी क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील रेणू फोडणाऱ्या नसतात आणि घरगुती राउटरची शक्ती अत्यल्प असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना 'कदाचित' या वर्गात टाकले, म्हणजे शंका नोंदविली. सिद्ध केले, असा त्याचा अर्थ नव्हे. वाय-फायच्या क्षीण लहरींमुळे अपाय होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. ज्यांना तरीही धाकधूक वाटते त्यांनी राउटर उशाशी ठेवू नये.

समारोप

सारांश, तार की लहर हा वाद व्यर्थ आहे. स्थिरास तार आणि चलास लहर, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की पुष्कळसा खर्च वाचतो. आधी मोजावे, मग राउटरची जागा बदलून पाहावी आणि तेवढ्याने भागले नाही तरच तार टाकावी. बूस्टरचा विचार अगदी शेवटी करावा.

आपल्यापैकी कित्येक घरांत आज वृद्ध आईवडील एकटे राहतात आणि रविवारी सायंकाळी ठरलेल्या वेळी मोबाईलसमोर बसून दूरदेशीच्या मुलानातवंडांची वाट पाहतात. ज्या खोलीत ते बसतात, त्या खोलीत रेंज पोहोचते की नाही, हे घरातील किंवा शेजारच्या एखाद्या तरुणाने या आठवड्यात तपासून पाहावे, अशी आमची विनंती आहे. तेवढ्याने हा लेख सार्थकी लागेल.